शिरगणतीचा रकाना आणि मतदारसंघाची सीमा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा वसतिगृहाच्या आठवणींची असणार, याची मला कल्पना होती. पहाटेची वंदना, पंगतीतील पातळ आमटी, सुटी लागली की पत्र्याची पेटी उचलून एस.टी. स्थानकाकडे निघालेली मुले, या विषयांवर माझ्याहून सरस लिहिणारे बांधव या अंकात निश्चितच असतील. मी मात्र एक रूक्ष विषय निवडला आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. विषय आहे मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा. माझे अर्धे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले आणि उरलेले नायगावच्या बीडीडी चाळीत. या दोन्ही गोष्टींमुळे हा विषय माझ्या वाट्याला आपोआप आला, असे म्हणावे लागेल.

आज विशीत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल, की २००९ पूर्वी महाराष्ट्र विधानसभेत ‘नायगाव’ नावाचा मतदारसंघ होता. मतपत्रिकेवर, निकालाच्या पाट्यांवर, वर्तमानपत्रांच्या तक्त्यांत ते नाव छापून येत असे. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने नवी रचना केली, ती १९ फेब्रुवारी २००८ रोजी अमलात आली आणि २००९ च्या निवडणुकीत नायगाव हे नाव यादीतून गेले. आम्ही वडाळा मतदारसंघाचे मतदार झालो. आमदार बदलले नाहीत. १९९० पासून नायगावातून निवडून येणारे कालिदास कोळंबकर पुढे वडाळ्यातून निवडून येत राहिले. बदलले ते फक्त नाव, असे कोणी म्हणेल. पण ज्या वस्तीला स्वतःचे नाव मिळवण्यासाठी पिढ्या खर्ची घालाव्या लागल्या, तिला नाव जाण्याचे दुःख थोडे अधिकच होते. त्या वर्षी आमच्या चाळीच्या कट्ट्यावर, “आपल्याला पुसून टाकले,” हे वाक्य मी अनेकदा ऐकले. एकदोनदा स्वतःही उच्चारले.

नंतर मात्र एका संध्याकाळी कागद घेऊन हिशेब मांडला, तेव्हा माझा राग बराचसा ओसरला. तो हिशेब येथे देतो.

१९७१ च्या जनगणनेत मुंबई शहराची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या बेटाची, लोकसंख्या सुमारे ३०.७० लाख होती आणि उपनगरांची सुमारे २९ लाख. तेव्हाच्या आकड्यांवर विधानसभेच्या जागा ठरल्या, त्या शहराला १७ आणि उपनगरांना १७. बरोबर होते. त्यानंतर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप गोठवले गेले. १९८२ चा गिरणी संप झाला, परळ-लालबागच्या चिमण्या थंडावल्या, कामगारांची मुले कुर्ला, घाटकोपर, भांडुप, पुढे कल्याण, बदलापूर, विरारपर्यंत पांगली. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या ३३.३८ लाख भरली, तर उपनगरांची ८६.४० लाख. जागा मात्र १७ आणि १७ च राहिल्या. म्हणजे शहरात सुमारे १ लाख ९६ हजार माणसांमागे एक आमदार आणि उपनगरात ५ लाख ८ हजारांमागे एक. नायगावच्या माणसाच्या मताचे वजन भांडुपच्या माणसाच्या मताच्या अडीच पटींहून अधिक. आणि तो भांडुपचा माणूस कोण? बहुधा आमच्याच चाळीतून जागेअभावी बाहेर पडलेला, दहा बाय सोळाच्या खोलीत तीन भावांची लग्ने झाल्यावर वेगळा संसार थाटणारा आमचाच भाऊ.

नव्या रचनेत शहराला १० जागा आल्या आणि उपनगरांना २६. भागाकार केला तर दोन्हीकडे सुमारे ३ लाख ३३ हजार लोकांमागे एक आमदार येतो आणि राज्याची सरासरीही याच्या जवळच जाते. लोकसभेत शहराच्या तीन जागांच्या दोन झाल्या, उपनगरांच्या तीनच्या चार. संविधान सभेतील अखेरच्या भाषणांपैकी एकात बाबासाहेबांनी एक व्यक्ती, एक मत आणि प्रत्येक मताचे समान मूल्य या तत्त्वाचा उल्लेख केला होता. त्या तत्त्वाच्या तराजूत पाहिले तर २००८ ची रचना न्याय्य होती, हे मान्य करावेच लागते. नायगावचे नाव गेले, पण कोणाच्या तरी मताचे बुडालेले वजन भरून निघाले. याविषयी आपण तक्रार करू नये, असे माझे मत झाले आहे. चाळीतील काही मित्रांना ते अजून पटलेले नाही.

येथवर गणित सरळ आहे. परंतु त्याच आयोगाच्या आदेशात आणखी एक आकडा होता. नायगावच्या नावाच्या हळहळीत त्याकडे आमचे लक्षच गेले नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव जागा पूर्वी १८ होत्या. त्या २९ झाल्या. अकरा जागांची वाढ. लोकसभेतही ३ च्या ५ झाल्या. हे कसे घडले? अनुसूचित जातींची संख्या अचानक वाढली का? तसे नव्हे. ती माणसे पूर्वीही होतीच. फक्त मोजली गेली नव्हती.

कारण तुम्हा-आम्हांला ठाऊक असलेच पाहिजे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदू असणे आवश्यक होते. पुढे १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दीक्षेनंतर आपली माणसे कायद्याच्या दृष्टीने अनुसूचित जातीची राहिली नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून शिक्षण व नोकरीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या शिष्यवृत्तीचे मूळ त्या निर्णयात आहे. पण विधिमंडळातील राखीव जागा हा राज्याच्या हातातील विषय नव्हता. १९६२ च्या निवडणुकीत नागपूर भागातील राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, म्हणून ते अनुसूचित जातीचे नाहीत, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणात त्यांची निवड रद्द झाली. लोकांनी निवडून दिले, पण धर्माच्या रकान्याने घरी पाठवले.

याचाच परिणाम शिरगणतीवर झाला. १९७१ मध्ये महाराष्ट्राच्या सुमारे ५ कोटी ४ लाख लोकसंख्येत अनुसूचित जाती म्हणून नोंदले गेलेले लोक सुमारे ३०.२६ लाख होते, म्हणजे सहा टक्के. त्याच जनगणनेत राज्यात बौद्धांची संख्या सुमारे ३२.६४ लाख होती. म्हणजे अनुसूचित जातींच्या यादीत जेवढे होते, त्याहून अधिक लोक त्या यादीच्या बाहेर उभे होते. ते बहुतांशी त्याच वस्त्यांतले, त्याच विहिरीवरून हाकलले गेलेले. त्यांची बेरीज झाली असती तर प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास गेले असते आणि राखीव जागा दुपटीपर्यंत पोचल्या असत्या. पण बेरीज झाली नाही. सहा टक्क्यांवर १८ जागा ठरल्या आणि नंतर वाटप गोठल्यामुळे त्या १८ जागांवर १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सर्व निवडणुका झाल्या.

१९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने कायदा दुरुस्त केला आणि बौद्ध धर्मांतरितांना अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळाला. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण एकदम ११ टक्क्यांवर गेले. २००१ मध्ये ते १०.२ टक्के होते. २८८ चे १०.२ टक्के काढा. उत्तर २९ च्या थोडे पुढे येते. आयोगाने २९ जागा दिल्या. कोणी उपकार केला नाही. भागाकार आला तेवढे दिले.

मतदारसंघाची सीमा कोठून जाते, यावर आपण भांडतो, मोर्चे काढतो, निवेदने देतो. ते सर्व योग्यच आहे. पण सीमा आखण्याच्या कितीतरी आधी, एका दुपारी कोणी प्रगणक दारात उभा राहतो, दोन-चार प्रश्न विचारतो आणि निघून जातो. प्रतिनिधित्वाचा निम्मा निकाल त्या दारातच लागलेला असतो. या लेखात मला सांगायचे आहे ते हेच आणि पुढील गोष्ट मी त्याचसाठी लिहीत आहे. ती लिहावी की नाही, याबद्दल मी बरेच दिवस द्विधा होतो.

२००१ च्या फेब्रुवारीत शिक्षक या नात्याने मला जनगणनेचे काम लागले. ९ ते २८ फेब्रुवारी हा प्रत्यक्ष गणनेचा काळ होता. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहत होत्या. गिरणीत साच्यावर काम केलेल्या, चेहऱ्यावर देवीचे व्रण, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. धर्म विचारला, बौद्ध लिहिले. पुढचा प्रश्न अनुसूचित जातीचा होता आणि त्यात यादीतील जातीचे नाव लिहावे लागत असे. नुसते ‘नवबौद्ध’ किंवा ‘अनुसूचित’ चालत नसे. मी जात विचारली.

“मास्तर, तुम्ही आपल्यातलेच ना?” त्या म्हणाल्या.

“हो आजी.”

“मग हे काय विचारता? त्या नावासाठी गाव सोडलं, देव सोडले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत मला. आता मरायला टेकल्यावर ते नाव पुन्हा माझ्या तोंडून काढणार का?”

मी समजावण्याचा प्रयत्न केला. जागा, राखीव मतदारसंघ, टक्केवारी असे बरेच काही बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तुमचं गणित खरं असेल. पण बौद्ध लिहा, बाकी काही लिहू नका.” प्रगणकाने सांगितले तेच लिहायचे असते. मी तो रकाना रिकामा सोडला. त्या घरातील सहा माणसे त्या दिवशी अनुसूचित जातीच्या बेरजेतून वजा झाली आणि ती वजाबाकी करणारा हात माझा होता. त्या मजल्यावर असे घर ते एकच नव्हते.

या प्रसंगाकडे मी अनेक वर्षे मागे वळून पाहत आलो आहे. त्या आजींचे चुकले, असे म्हणण्याची माझी आजही छाती होत नाही. ज्या शब्दाने त्यांना माणसांतून उठवले होते, तो शब्द नाकारणे हीच त्यांच्या आयुष्याची कमाई होती. आपल्यातील अनेक विचारवंत बांधवही हीच भूमिका घेतात. त्यांचे म्हणणे असे की, जात मोडायची म्हणून आपण धम्म स्वीकारला. मग दर दहा वर्षांनी शासनाच्या कागदावर तीच जात आपल्या हाताने लिहिली, तर ती मोडणार कधी? या आक्षेपात दम आहे. दुसऱ्या टोकाला असेही बांधव आहेत, ज्यांनी दाखला अडेल या भीतीने धर्माच्या रकान्यातच ‘हिंदू’ लिहून टाकले. १९९० पूर्वी ही भीती खरी होती. त्यानंतर ती अनाठायी आहे, तरी सवय गेलेली नाही. पहिल्या प्रकारात अनुसूचित जातींची संख्या घटते, दुसऱ्या प्रकारात बौद्धांची.

माझे मत स्पष्टपणे नोंदवतो. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात यादीतील जातीचे नाव, असे दोन्ही लिहावे. कायद्याने १९९० पासून या दोन नोंदींत विरोध नाही. पहिला रकाना आपण काय झालो ते सांगतो. दुसरा रकाना आपल्याशी काय केले गेले, याची शासनदप्तरी नोंद ठेवतो. जखमेची नोंद रुग्णालयाच्या कागदावर झाली म्हणून जखम आपली ओळख होत नाही. उलट नोंद नसेल तर औषधाचा हिशेबच होत नाही. या युक्तिवादाने त्या आजींचे समाधान झाले असते का? मला शंका आहे. पण त्यांच्या नातवंडांपुढे तो मांडणे माझे कर्तव्य आहे, कारण पुढची गणना दारात आली आहे.

जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेचा संदर्भदिन देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ आहे. यावेळी सर्वच जातींची नोंद होणार आहे आणि घरातून स्वतःच्या मोबाइलवर माहिती भरण्याची सोयही ठेवण्यात येत आहे. म्हणजे प्रगणक मास्तर दारात येण्याआधीच आपल्या घरातील महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी हे रकाने भरून मोकळी होईल. त्या मुलांशी आपण याविषयी आजवर एक शब्द तरी बोललो आहोत का? चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवले आहे आणि २०२७ ची जनगणना ही तशी पहिली जनगणना ठरते. स्त्रियांना विधानसभा व लोकसभेत एकतृतीयांश जागा देणारी २०२३ ची घटनादुरुस्तीही नव्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशीच जोडलेली आहे. त्यात अनुसूचित जातींच्या जागांपैकी एकतृतीयांश जागा त्या समाजातील स्त्रियांना आहेत. तेव्हा एका गणनेवर बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत.

देशपातळीवर सध्या उत्तर विरुद्ध दक्षिण असा वाद रंगला आहे. कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांना आपल्या जागा घटतील असे भय आहे आणि ते समजण्यासारखे आहे. उत्तरेकडील प्रचंड राज्यांच्या वजनाखाली संघराज्याचा तोल जाईल, ही चिंता बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तकात मांडली होती. उत्तर प्रदेशाचे तीन भाग करावेत, असे त्यांनी सुचवले होते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर १९७१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत आपला वाटा सुमारे ९.२ टक्के होता आणि २०११ मध्ये ९.३ टक्के. म्हणजे बाहेरच्या भांडणात आपले फारसे जाण्या-येण्याचे नाही. आपले भांडण घरातले आहे. २००८ मध्ये विदर्भाच्या विधानसभेतील जागा ६६ वरून ६२ झाल्या, ठाणे जिल्ह्याच्या वाढून २४ झाल्या. विदर्भ हा धम्मचळवळीचा गाभा. तेथील जागा पुन्हा घटल्या तर तो प्रश्न केवळ प्रादेशिक अनुशेषाचा राहणार नाही.

आणि मुंबई? २०११ मध्ये शहराची लोकसंख्या आणखी उतरून ३०.८५ लाखांवर आली, उपनगरांची ९३.५७ लाखांवर गेली. एकूण जागा २८८ च राहिल्या आणि २०११ चेच आकडे धरले, तर शहराच्या वाट्याला १० ऐवजी ८ जागा येतात. उपनगरांच्याही २६ च्या २४ होतात, कारण राज्याच्या इतर भागांत वाढ अधिक आहे. त्याच आकड्यांनी अनुसूचित जातींचे राज्यातील प्रमाण ११.८ टक्के होते आणि त्या हिशेबाने राखीव जागा २९ च्या ३४ होतात. हे आकडे २०२७ नंतर बदलतील, हे उघड आहे. दिशा कळावी म्हणून दिले आहेत.

नायगावच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. मुंबईतील वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून बीडीडीच्या २०७ चाळी. त्यांतील ४२ नायगावात. या चाळी शंभर वर्षांपूर्वी एकाच खात्याने एकाच साच्यात बांधल्या, तरी आज वरळीच्या चाळींचा आमदार वेगळा, खासदार वेगळा आणि नायगावच्या चाळींचा वेगळा. ते असो. आता पुनर्विकास सुरू आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाणे म्हणजे काय, हे ज्याने पाळीपाळीने गॅलरीत झोपून दिवस काढले त्यालाच कळेल. पण मधल्या काळात चाळ रिकामी झाली आहे. कोणी संक्रमण गाळ्यात, कोणी भाडे घेऊन दिवा-डोंबिवलीला, कोणी गावी. शिरगणती माणूस राहतो तेथे त्याला मोजते. तो कोठला म्हणून ओळखला जातो, याच्याशी तिला कर्तव्य नाही. १ मार्च २०२७ ला नायगावची कितीतरी माणसे नायगावात मोजली जाणार नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी ती परत येतील, तोवर त्यांच्या अनुपस्थितीतील आकड्यांवर सीमा आखलेली असेल. याला कोणाचे कारस्थान म्हणता येणार नाही. पण आपण गप्प बसलो, तर परिणाम कारस्थानासारखाच होईल.

सीमा आखण्याचे नियम फार गुंतागुंतीचे नाहीत. मतदारसंघ सलग व आटोपशीर असावा, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय पाहावी. अनुसूचित जातींच्या जागा त्यांचे प्रमाण तुलनेने अधिक असेल तेथे आणि राज्याच्या निरनिराळ्या भागांत ठेवाव्यात. मुंबईतील ३६ पैकी आज धारावी व कुर्ला या दोन जागा राखीव आहेत. एखादी वस्ती फोडू नये, असे मात्र नियमांत कोठेही लिहिलेले नाही. रेघ गल्लीच्या मधोमध जाऊ शकते. आयोगासोबत प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नाही. आयोग प्रारूप प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि अंतिम आदेश काढतो. तो आदेश कायद्याइतका बंधनकारक. न्यायालयात त्याला आव्हान देण्याची वाट जवळजवळ बंद आहे. अगदी उघड मनमानी असेल तरच न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. म्हणून बोलायचे ते प्रारूप आणि अंतिम आदेश यांच्या मधल्या काही आठवड्यांतच.

त्या काही आठवड्यांत आपण काय करतो, याचा अनुभव ताजा आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून २०२६ पर्यंत प्रशासक कारभार पाहत होते. मधल्या काळात प्रभाग २२७ चे २३६ झाले आणि सरकार बदलताच पुन्हा २२७ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली, नकाशे लागले, हरकतींसाठी थोडे दिवस मिळाले. आमच्या परिसरातील मंडळाच्या फळ्यावर त्या पंधरवड्यात गणेशोत्सवाच्या वर्गणीची आणि एका सत्काराची सूचना होती. प्रभागाच्या नकाशाबद्दल एक ओळही नव्हती. मी स्वतः त्या मंडळाचा सभासद आहे. तेव्हा हा दोष देताना बोट माझ्याकडेही वळते. नोव्हेंबरात सोडत झाली, अनुसूचित जातींसाठी १५ प्रभाग निघाले. मग मात्र फळा रात्री बारापर्यंत गजबजला होता.

काही बांधव विचारतील, राखीव जागा वाढून तरी काय साधते? संयुक्त मतदारसंघात निवडून येणारा प्रतिनिधी आपला किती आणि पक्षाचा किती? हा प्रश्न पुणे करारापासूनचा आहे आणि तो खोटा नाही. १९३७ मध्ये भायखळा-परळच्या बहुसदस्यीय मतदारसंघातून बाबासाहेब मुंबई विधिमंडळात निवडून गेले. तेव्हा मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती. त्यामुळे अल्पसंख्य समाजालाही आपला माणूस स्वबळावर निवडता येई. १९५२ मध्ये लोकसभेच्या मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघात ती सोय नव्हती. दोन मते दोघांना द्यावी लागत. बाबासाहेब पराभूत झाले, काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. पाच वर्षांनी मुंबई शहर मध्य या द्विसदस्यीय मतदारसंघातून संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कॉम्रेड डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गो. का. माने असे दोघेही निवडून गेले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघच बंद झाले. म्हणजे मते मोजण्याची रीत बदलली की निकाल बदलतो, हे या गिरणगावाने चांगलेच पाहिले आहे. आजच्या रचनेत राखीव जागेवरील प्रतिनिधीला आपल्याशी बांधील ठेवणे कठीण आहे, हे मी मान्य करतो. पण म्हणून जागाच कमी झाल्या तरी चालतील, असा निष्कर्ष त्यातून काढणे मला पटत नाही. १८ जागांच्या काळात आपले प्रतिनिधी अधिक स्वाभिमानी होते, असे कोणी दाखवून दिल्यास मी माझे मत बदलीन.

आणि सीमारेषेचा फटका स्वतः बाबासाहेबांनाही बसला होता, हे येथे आठवते. १९४६ मध्ये जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर ते बंगालमधून संविधान सभेवर गेले. वर्षभरात फाळणी ठरली, बंगालची विभागणी झाली आणि त्यांची जागा गेली. बॅ. जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेली मुंबईची जागा १९४७ च्या जुलैत त्यांना मिळाली. मसुदा समिती नेमली गेली ती त्यानंतर, ऑगस्टच्या अखेरीस. मधले ते आठवडे मनात आणले तरी अंगावर काटा येतो.

आता आपल्या शाळेविषयी. आपल्या वसतिगृहात मुले निरनिराळ्या जिल्ह्यांतून आली आणि शिकून पुन्हा निरनिराळ्या ठिकाणी स्थिरावली. कोणी तलाठी झाले, कोणी भूमापक, कोणी वकील, आमच्यासारखे अनेक जण शिक्षक. नकाशा वाचणारे, कायदा वाचणारे आणि घरोघर जाऊन गणना करणारे, असे तिघेही आपल्या माजी विद्यार्थ्यांत आहेत. संस्थेकडे पत्ते आहेत, पण ते पत्ते स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणापुरते वापरले जातात. माझी सूचना अशी की, या स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभातच प्रत्येक तालुक्यातून दोघा-तिघांची नावे टिपून घ्यावीत. २०२७ च्या फेब्रुवारीपूर्वी त्यांनी आपापल्या विहारात एक रविवार द्यावा, वंदनेनंतर तासभर, आणि गणनेचे दोन रकाने लोकांना समजावून सांगावेत. नायगावातून विस्थापित झालेल्या कुटुंबांची यादी करून, ती कोठे राहतात आणि केव्हा परतणार आहेत, हे कागदोपत्री तयार ठेवावे. सुनावणीच्या दिवशी आयोगापुढे ठेवायला तोच एक पुरावा असेल. नायगावपुरती ती यादी करण्याचे काम मी सुरू केले आहे. आतापर्यंत तीन चाळींची झाली. उरलेल्यांसाठी मला हाताखाली तरुण माणसे हवी आहेत. प्रकाशनाच्या दिवशी मी सभागृहाच्या दाराशी वही घेऊन बसेन.